इलेक्ट्रोलिसिसनंतर दर वेळी चेहरा लाल होतो, खपल्या धरतो? कारण असं शोधा

हनुवटीवरचे, मिशीच्या जागेचे किंवा कल्ल्यांजवळचे केस सुईने, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसने, कायमचे काढून घेणाऱ्या बायकांकडून एक तक्रार मी सतत ऐकते. पहिल्या सिटिंगनंतर चेहरा लाल झाला, तो उतरला. दुसऱ्या वेळी खपल्या धरल्या. तिसऱ्या वेळी खपल्या गळल्या, पण त्या जागी काळे ठिपके राहिले. मग त्या म्हणतात, ‘ताई, माझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे, मला हे सूट होत नाही.’ बहुतेकींना हे आधीच्या ठिकाणी कुणीतरी सांगितलेलं असतं. त्या ते मान्य करतात आणि उपचार अर्धवट सोडून पुन्हा थ्रेडिंगकडे वळतात.

मला हे पटत नाही. त्वचा नाजूक असते, काही जणींची तर फारच. पण तोच त्रास दर वेळी, त्याच जागी, साधारण तितक्याच तासांनी होत असेल तर त्यामागे ठरावीक कारण असतं. बरेचदा ते मशीनच्या सेटिंगमध्ये, सुई किती खोल जाते त्यात, नाहीतर सिटिंगच्या आधीनंतरच्या दोन दिवसांत सापडतं. त्रास कधी सुरू झाला आणि नेमका कुठे दिसतो, या दोन गोष्टी नीट टिपल्या तर ते शोधता येतं. ज्या बाईने हनुवटीवरच्या केसांपायी लोकांच्या नजरा आणि टोमणे वर्षानुवर्षं सोसलेत, तिने केवळ चुकीच्या सेटिंगमुळे हा उपाय सोडावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण कायमस्वरूपी केस काढण्याची पद्धत म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्यता दिली आहे ती इलेक्ट्रोलिसिसलाच. लेझरला ‘केस कायमचे कमी करणारी’ एवढंच म्हणता येतं. शिवाय आपल्याकडच्या काही जणींना चेहऱ्याच्या बारीक लवेवर लेझर मारल्यावर ती उलट दाट आणि काळी झाल्याचा अनुभव येतो. त्यांच्यासाठी सुई हाच भरवशाचा मार्ग उरतो.

सुई आत गेल्यावर काय होतं

नीट घातलेली सुई त्वचेला नवं भोक पाडत नाही. केस ज्या नळीतून बाहेर येतो, त्याच नळीतून ती मुळापर्यंत सरकते. पुढचं काम वीज करते आणि ते तीन तऱ्हांनी होतं.

सर्वांत जुनी पद्धत गॅल्व्हॅनिक. अमेरिकेत सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पापणीचे आत वळून बुबुळाला टोचणारे केस काढायला त्यांनी ती वापरली होती. यात सुईतून अगदी सूक्ष्म डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह जातो आणि मुळाजवळच्या खारट ओलाव्यापासून तिथल्या तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो. तो मूळ जाळतो. दुसरी पद्धत थर्मोलिसिस. तिच्यात उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने सुईच्या टोकाभोवती उष्णता निर्माण होते आणि जलद सेटिंगवर एक केस सेकंदाच्याही आत संपतो. दोन्ही एकत्र वापरले की ब्लेंड.

तुमच्यावर यातली कुठली पद्धत वापरतात हे विचारून घ्या, कारण लालीचा स्वभाव त्यावर ठरतो. गॅल्व्हॅनिक आणि ब्लेंडमध्ये सुई बाहेर आल्यावरही तयार झालेला सोडा काही वेळ आत काम करत राहतो. त्यामुळे लाली सावकाश चढते आणि जास्त वेळ टिकते, कधी त्या छिद्रातून पाण्यासारखा द्रवही पाझरतो. थर्मोलिसिसमध्ये गांधी तिथल्या तिथे उठतात आणि लवकर उतरतात. मात्र सुई उथळ राहिली तर वरची कातडी चटकन भाजते.

साधी, अपेक्षित प्रतिक्रिया म्हणजे काही तास लाली, केसांभोवती बारीक फुगवटे आणि उन्हाने भाजल्यासारखी चुरचुर. हे त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत बरंच उतरतं. वरचा ओठ इतर जागांपेक्षा जास्त सुजतो, त्याला घाबरू नका. हनुवटीवर टाचणीच्या टोकाएवढ्या दोन-चार खपल्या आल्या आणि आठवड्याभरात आपोआप गळून गेल्या, तरी चालेल. पण जिथे जिथे सुई गेली तिथे तिथे खपली धरत असेल, लाली तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तशीच असेल किंवा त्वचेत खड्डा दिसत असेल, तर ते सोसत बसू नका.

खुर्चीत असतानाच दिसणाऱ्या खुणा

सिटिंगला जाताना छोटा आरसा बरोबर न्या, किंवा ऑपरेटरला भिंगातून बघून सांगायला सांगा. हनुवटीवरचा एक जाड केस घ्या. सुई आत गेली, प्रवाह दिला, सुई बाहेर आली, चिमट्याने केस उचलला. आता त्या छिद्राची कड बघा. कड आजूबाजूच्या कातडीसारखीच किंवा जरा गुलाबी असेल तर काम बरोबर झालं. पण छिद्राभोवती पांढरं कडं उमटलं असेल, तर उष्णता मुळाशी न जाता वरच्या थरात सांडली आहे. त्या जागी एकदोन दिवसांत खपली येणार, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर खपलीमागून काळा डाग येण्याची शक्यता बरीच असते.

पांढरं कडं दिसलं की तिथेच थांबायला सांगा. भिडेपोटी गप्प राहू नका. कारणं मोजकीच असतात. सुई पुरेशी खोल गेलेली नसते. सुई आत-बाहेर करताना प्रवाह चालू राहिलेला असतो. ताकद किंवा वेळ त्या केसाच्या मानाने जास्त असतो. नाहीतर सुई केसापेक्षा फार बारीक असते. सुया साधारण दोन ते सहा हजारांश इंच जाडीत मिळतात आणि ती जाडी केसाच्या जाडीशी मिळतीजुळती लागते. जाड केसाला बारीक सुई लावली की तीच ऊर्जा एका बारीक रेषेत एकवटते, दुखतंही जास्त आणि भाजतंही जास्त. ज्यांना थर्मोलिसिसमध्ये वरचा थर भाजण्याचा त्रास पुन्हापुन्हा होतो, त्यांनी इन्सुलेटेड सुईबद्दल विचारावं. तिचं टोक तेवढं उघडं असतं, वरच्या भागाला आवरण असतं, त्यामुळे कातडीच्या पातळीवर उष्णता कमी पोचते.

दुसरी खूण केस निघतानाची. मूळ नीट मेलं असेल तर केस लोण्यातून निघावा तसा सरकून हातात येतो. तो खेचावा लागत असेल, ‘टक्’ असं जाणवत असेल, तर मूळ जिवंत आहे आणि तुमचा केस फक्त उपटला गेला. इथे पुष्कळ ऑपरेटर त्याच छिद्रात पुन्हा सुई घालतात, मग पुन्हा. लाली वाढायला याच्याइतकं खात्रीचं कारण दुसरं नाही. एकदा सोडून दुसऱ्यांदा प्रयत्न करणं ठीक, त्यानंतर तो केस पुढच्या सिटिंगला ठेवावा. एका केसासाठी कातडी बिघडवू नये.

सुई काढल्यावर रक्ताचा बारीक थेंब येत असेल किंवा दुसऱ्या दिवशी निळसर डाग दिसत असेल, तर उलट बाजूची चूक आहे. सुई मुळाच्या पलीकडे गेली किंवा नळीची भिंत भेदून आजूबाजूला घुसली. ज्यांनी वर्षानुवर्षं थ्रेडिंग आणि वॅक्सिंग केलंय त्यांच्या नळ्या वाकड्या झालेल्या असतात, त्यामुळे हे चांगल्या हातांकडूनही कधीमधी होतं. दर वेळी मात्र होऊ नये.

आणि शेजारी शेजारी काम. दोन केस चिकटून असतील तर त्यांच्या उष्णतेचे घेर एकमेकांत मिसळतात आणि दोन छोट्या जखमांची एक मोठी होते. मिशीच्या जागी तर मी एकाआड एकच केस घेते, उरलेले पुढच्या वेळी. घरी जाताना ओठावर केस दिसतात म्हणून काही जणी नाराज होतात. मग ‘एवढे पैसे देते तर सगळेच काढा ना’ असा आग्रह होतो आणि ऑपरेटर ऐकते. तो आग्रह धरू नका. जागा लहान, कातडी पातळ, एका सिटिंगमध्ये ती ठरावीकच सोसते.

गॅल्व्हॅनिक आणि ब्लेंडमध्ये मात्रेचा हिशोब ठेवणं सोपं असतं. एक दशांश मिलिअँपिअर प्रवाह एक सेकंद दिला की एक युनिट. प्रवाह वाढवला किंवा वेळ वाढवला की युनिटं त्याच प्रमाणात वाढतात. ओठावरच्या लवेला हनुवटीच्या राठ केसापेक्षा कितीतरी कमी लागतात. तुमच्या कार्डावर दर वेळी जागा, पद्धत, सुईचा नंबर, ताकद आणि वेळ लिहितात का, ते बघा. लिहीत नसतील तर तुम्हीच विचारून फोनमध्ये टिपून ठेवा. या नोंदीशिवाय काय बदलायचं हे कुणालाच कळत नाही.

अंदाज करत बसण्यापेक्षा करून बघा

ज्यांचा त्रास दोन-तीन सिटिंगनंतरही तसाच आहे त्यांना मी हे सुचवते. हनुवटीचे दोन भाग करा. डाव्या बाजूला नेहमीचं सेटिंग ठेवा, उजव्या बाजूला एकच गोष्ट बदला. एकदा ताकद कमी करून वेळ थोडा वाढवा. पुढच्या खेपेला पद्धतच बदला, म्हणजे थर्मोलिसिसच्या जागी ब्लेंड. त्यापुढच्या वेळी सुई. दोन्ही बाजूंना मोजकेच केस घ्या. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात फोटो काढा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात काढलेला फोटो उपयोगाचा नाही, त्यात लाली दिसतच नाही.

एका वेळी एकच बदल, हे मात्र पाळा. सेटिंग बदललं, क्रीमही बदललं आणि त्याच आठवड्यात फेसवॉशही नवा आणला, तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

एक शक्यता वेगळी तपासायला हवी. खोटे कानातले घातले की तुमच्या कानाच्या पाळ्या चिघळतात का? जीन्सच्या बटणाने पोटावर खाज सुटते का? मग तुम्हाला निकेलची ॲलर्जी असू शकते, आणि साध्या स्टीलच्या सुईत निकेल असतं. अशांच्या छिद्रांभोवतीची लाली खाजरी असते आणि सेटिंग कितीही कमी केलं तरी जात नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया मिळतात, त्या मागवून घ्यायला सांगा. सुई कुठलीही असो, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरून झाल्यावर ती टाकली गेली पाहिजे. यात तडजोड नको, हा प्रश्न लालीचा नसून हिपॅटायटिसचा आहे.

घाम आणि कोरडेपणा

याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वीज ओलाव्याच्या वाटेने जाते. ओलावा मुळाशी हवा आणि वर कातडी कोरडी हवी. मुंबईत मे महिन्यात लोकल आणि रिक्षा करून आलेली बाई थेट खुर्चीत बसली की ओठावर घाम डवरलेला असतो, आणि थर्मोलिसिसची उष्णता मग वरच पसरते. दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली बसा, चेहरा पुसून कोरडा होऊ द्या, काम चालू असतानाही मधूनमधून टिपून घ्यायला सांगा.

विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात नेमकं उलट होतं. कातडी सुकलेली, पाणी कमी प्यायलेलं, मुळाशी ओलावा कमी. मग तेवढ्याच कामाला जास्त ताकद लावावी लागते आणि लाली वाढते. आदल्या दोन दिवसांत पाणी भरपूर प्या आणि रात्री साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावा. सिटिंगच्या दिवशी मात्र चेहऱ्यावर काही नको.

चहा-कॉफीचा जोरदार डोस घेऊन येऊ नका, काही जणींना त्याने टोचणी जास्त जाणवते. पाळीच्या आधीचे दोन-चार दिवसही बऱ्याच जणींना जड जातात. तारीख हलवता येत असेल तर हलवा.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल माझं मत सावध आहे. लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम तासभर आधी लावून झाकून ठेवलं की दुखणं कमी होतं, हे खरं. पण त्याने कातडी स्वतःच फिकी पडते आणि मघाशी सांगितलेलं पांढरं कडं त्यात लपून जातं. शिवाय तुम्ही ‘आई गं’ म्हणता तो ऑपरेटरसाठी इशारा असतो, तोही बंद होतो. ओठासारख्या जागेला डॉक्टरांना विचारून लावा, पूर्ण पुसून काढा, आणि त्या दिवशी सेटिंग वाढवू देऊ नका.

सिटिंगच्या आधी काय टाळायचं

मधल्या काळात थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद. उपटलेला केस परत वर येईपर्यंत सुईला मूळ सापडत नाही, आणि तो येतो तेव्हा कधी नळी वाकवून येतो. केस दिसतात म्हणून घराबाहेर पडवत नसेल तर कात्रीने कापा किंवा रेझर फिरवा. रेझरने केस राठ होतात ही समजूत चुकीची आहे. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला टोचतो, मुळात काही बदल होत नाही. सिटिंगच्या दोन-तीन दिवस आधी रेझर थांबवा, म्हणजे सुईला धरण्याइतका केस वर येईल. या पद्धतीचा एक फायदाही आहे. त्या दोन-तीन दिवसांत जे केस वाढून दिसतात ते वाढीच्या अवस्थेतले असतात, आणि सुईचा खरा उपयोग त्यांच्यावरच होतो.

ब्लीच आठवडाभर आधीपासून नको. ट्रेटिनॉइन, ॲडापेलिन, ग्लायकोलिक ॲसिड, स्क्रब, पील यांनी वरचा थर पातळ झालेला असतो. ते किती दिवस आधी थांबवायचं हे ज्या डॉक्टरांनी दिलंय त्यांना विचारा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, तर ऑपरेटरपासून लपवू नका. अशी कातडी जखम भरायला वेळ घेते. हृदयात पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी, नंतर अपॉइंटमेंट. तिळावरचा केस असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना तो तीळ दाखवा.

आणि लग्नकार्य. घरात लग्न असेल तर शेवटची सिटिंग किमान दहा-पंधरा दिवस आधी आटपा. ताज्या छिद्रांवर हळद चोळली गेली, वर मेकअपचा थर बसला आणि मांडवातला घाम त्यात मिसळला की पुरळ न उठणं अवघड आहे.

घरी गेल्यावर

खुर्चीतून उठण्याआधी, गॅल्व्हॅनिक किंवा ब्लेंड झालं असेल तर धन ध्रुवाचा रोलर चेहऱ्यावर फिरवायला सांगा. केस काढताना सुई ऋण असते, त्याच्या उलट प्रवाहाने उरलेल्या अल्कलीचा, म्हणजे त्या कॉस्टिक सोड्याचा, जोर मोडतो आणि लाली लवकर बसते. पुष्कळ मशीनला ही सोय असते आणि घाईत ती वापरली जात नाही.

घरी बर्फ थेट लावू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून काही मिनिटं टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. त्यानंतर वास आणि अल्कोहोल नसलेलं कोरफडीचं जेल पातळ लावा. कुंडीतली कोरफड कापून लावायची असेल तर कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी पूर्ण गळू द्या आणि धुऊन टाका, त्या चिकाने आग होते. मला विचाराल तर पहिल्या दिवशी विकतचं साधं जेलच बरं.

पहिले चोवीस तास गरम पाणी, वाफ, जिम, पोहणं आणि मेकअप नाही. चेहरा साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने धुवा आणि चोळून न पुसता टिपा. खपली नखाने काढलीत तर डाग पक्का समजा.

स्कूटीवरून फिरणाऱ्या मुलींसाठी हे वेगळं सांगते, कारण पुण्यात मला हा त्रास फार दिसतो. सिटिंग झाली, चेहरा लाल दिसतो, म्हणून डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने आवळून बांधला, वर हेल्मेट, आणि हेल्मेटचा पट्टा नेमका हनुवटीखाली घासतोय. तो स्कार्फ कित्येक दिवस न धुतलेला, धूळ आणि घामाने भरलेला. मग तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली पिवळ्या टोकाच्या पुटकुळ्या येतात आणि दोष सुईला दिला जातो. हेल्मेट घालायचंच आहे, त्यामुळे त्या दिवशी रिक्षाने जा किंवा कुणाला तरी सोडायला सांगा. ते शक्य नसेल तर धुतलेला मऊ सुती रुमाल पट्ट्याखाली ठेवा आणि घरी पोचताच काढा. उशीचा अभ्रा बदला. फोन कानाला लावण्याऐवजी इअरफोन वापरा.

दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या अशा पुवाच्या पुटकुळ्यांचा सेटिंगशी बहुधा संबंध नसतो. त्या हात लावल्याने, तेल लावल्याने, घामाने, अस्वच्छ कापडाने येतात. खोबरेल तेल किंवा जाडसर मलम सगळ्या भागावर थापलं की छिद्रं झाकली जातात आणि दमट हवेत हे हमखास होतं. लिंबू, तुरटी, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळी पडते. लाली जर उपचाराच्या जागेबाहेर पसरत असेल आणि आगीपेक्षा खाज जास्त असेल, तर जे काही लावताय त्याचीच ॲलर्जी समजा. टी ट्री ऑइल, अत्तर घातलेली क्रीमं आणि निओमायसिन असलेली मलमं यांत नेहमी सापडतात.

मेडिकलमधून आणलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम

डाग पडले की बऱ्याच जणी औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणतात. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असं त्रिकूट असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, लाली गायब होते, म्हणून ती महिनोन् महिने चालू राहते. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय, ती लव स्टिरॉइडने वाढू शकते. पातळ झालेल्या कातडीवर सुईचं काम करणंही जोखमीचं होतं. अशी ट्यूब वापरत असाल तर ऑपरेटरला सांगा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अचानक स्वतःच बंदही करू नका, ती कशी सोडायची हे तेच सांगतील.

काळे डाग ही आपल्या कातडीची जखमेवरची प्रतिक्रिया आहे. बहुतेक डाग काही महिन्यांत फिके पडतात, अट एवढीच की त्यांच्यावर ऊन आणि नवी जखम पडता कामा नये. पहिल्या दिवशी छत्री आणि सावली, कातडी शांत झाली की रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. रंगीत सनस्क्रीनमधली आयर्न ऑक्साइड दिसणाऱ्या उजेडापासूनही बचाव करतात, त्यामुळे सावळ्या कातडीला ती जास्त उपयोगी. जुने डाग गडद असतील तर त्या जागेवरचं काम काही आठवडे थांबवून दुसरीकडे करून घ्या. ॲझेलेइक ॲसिडसारखी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी कातडी बघून द्यायची.

डॉक्टरांकडे कधी

लाली पसरत जाते, जागा गरम लागते, ठणकते, पू येतो किंवा ताप येतो, तर त्याच दिवशी. ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका आला आणि तो फार दुखत असेल, तर तो नागिणीच्या जातीचा हर्पीस असू शकतो. ओठावरच्या सिटिंगने तो उसळतो. ज्यांना पूर्वी असे फोड आलेत त्यांनी पुढच्या सिटिंगआधी डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारून घ्यावं. जखम भरताना कातडी जाड, उंच होत असेल तर काम थांबवा.

केस भराभर वाढत असतील, पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल तर पीसीओडीची तपासणी करून घ्या. आवाज घोगरा होतोय किंवा केसांची वाढ काही आठवड्यांत अचानक झाली असेल तर थांबूच नका. हार्मोन्स चढलेले असताना नवे केस उगवतच राहतात. मग ऑपरेटर आणि तुम्ही दोघीही एकेक सिटिंग जास्त वेळ चालवता, दोन सिटिंगमधलं अंतर कमी करता, आणि कातडीला सावरायला वेळच मिळत नाही. चेहरा पूर्ण साफ व्हायला बहुधा एक ते दोन वर्षं जातात. त्यात अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांची सिटिंग करावी लागली तरी बिघडत नाही. आधीच्या जागेची लाली आणि खपल्या पूर्ण गेल्याशिवाय तिथे पुन्हा सुई लावू नये. हे चेहऱ्याचे केस काढणाऱ्या ट्रान्स महिलांनाही तितकंच लागू आहे. दाढीचे केस जाड आणि दाट असतात, त्यामुळे एका दिवसात सगळी हनुवटी संपवायचा मोह तिथे जास्त होतो.

ऑपरेटर बदलायची वेळ आली तर नव्या ठिकाणी फोनवरच काही गोष्टी विचारा. कुठली पद्धत वापरता, सुई दर वेळी नवी उघडता का, नोंद ठेवता का, दिवा असलेलं मोठं भिंग वापरता की लूप (डोळ्यांवर चढवायचं भिंग), प्रशिक्षण कुठे झालं, आणि पहिल्या दिवशी फक्त दहा-पंधरा केसांची चाचणी करून आठवडाभर थांबायची तयारी आहे का. शेवटच्या प्रश्नाला जी ‘हो, तसंच करूया’ म्हणेल तिच्याकडे जा. जाताना जुने फोटो आणि जुन्या सेटिंगची नोंद बरोबर न्या.